रोजचं विज्ञान : चार आकड्यांवर अंबाडा

कळमनुरीच्या बाजारात कंगवे-रिबिनींच्या गाड्यावर काळे आकडे मिळतात. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस. कमरेपर्यंत लांब असले, तरी अंबाडा चार आकड्यांवर दिवसभर टिकतो. कसा?

बैलाचं दावं खुंट्याला नुसतं टेकवलं तर सरकतं. दोन-तीन वेढे दिले की हिसक्यालाही दाद देत नाही. प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण अनेक पटींनी वाढतं. अंबाड्यात केसच दावं आणि केसच खुंटा.

पण पिळलेले केस उलटे फिरून सुटू पाहतात. म्हणून आकडा लावायची आजीची रीत बघा: टोकं आधी बाहेरच्या बाजूला ठेवून कडेचे थोडे केस धरायचे, मग आकडा उलटून मधोमध, डोक्यालगत खुपसायचा. आता बाहेरचा वेढा मुळाजवळच्या केसांना जखडला. अंबाडा सुटायला बघतो, तेव्हा आकड्यावरच दाब येतो आणि पकड वाढते. किती देखणी युक्ती! आकड्याची नागमोडी वळणंही केसांना घसरू देत नाहीत.

न्हाल्या दिवशी मात्र अंबाडा सारखा सुटतो. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात. कंडिशनरने त्यांवर गुळगुळीत थर बसतो, घर्षण घटतं.

केस विरळ असतील तर हल्ली स्पंजची कडी घालतात. तिच्यावरून केस पसरले की आतली पोकळी भरते, आकड्याला रुतायला जागा मिळते. पूर्वी हेच काम गंगावन करायचं.