जुना सीएनसी लेथ घेताना

आखातात पंधरा-वीस वर्षे काढली की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक विचार घोळू लागतो : आता गावी परतावे आणि स्वतःचे काहीतरी सुरू करावे. कोल्हापूरकडच्या मंडळींचे हे 'काहीतरी' बहुधा लोखंडाचे असते! शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे टर्निंग करून देणारी छोटी वर्कशॉप पुष्कळ आहेत. तसेच एखादे टाकायचे, एक सीएनसी लेथ घ्यायचा आणि जॉबवर्क सुरू करायचे, असा बेत असतो. नवे यंत्र परवडत नाही, म्हणून जुन्याचा शोध सुरू होतो.

हमद टाउनमधील आमच्या एका स्नेह्यांनी असाच बेत केला. सेवाअखेरची रक्कम हाती येणार होती, आणि बंद पडलेल्या एका स्थानिक वर्कशॉपमधला जपानी लेथ स्वस्तात मिळत होता. पोटापाण्याला मी सॉफ्टवेअर लिहितो. पण डॉक्टरेट अभियांत्रिकीतली, म्हणून यंत्र बघायला मला सोबत नेले. तिथे जे पाहिले ते इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखप्रपंच.

हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा साधा लेथ आपण पाहिलेला असतो. तो झिजला तरी मुरलेला कारागीर हाताच्या सवयीने झीज सांभाळून घेतो. सीएनसीवर तो हात नसतो. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये छिद्रे पाडलेल्या पट्टीवरील आकड्यांनी मिलिंग यंत्र चालवून दाखवले गेले. तेव्हापासून या जातीची यंत्रे आकडा सांगेल तसेच चालतात. म्हणून जुना सीएनसी घेणारा दोन वस्तू घेत असतो : लोखंड आणि त्या लोखंडाची स्मृती. लोखंड सगळेच बघतात. स्मृती बघायचे राहून जाते.

आधी लोखंड. नव्या रंगावर जाऊ नये. बॉल स्क्रू झिजला की दिशा बदलताना तो थोडा नुसताच फिरतो, स्लाइड हलत नाही. हाच बॅकलॅश. टरेटला डायल लावावा, एका दिशेने दहा-दहा मायक्रॉनची चार-पाच पावले टाकावीत आणि मग उलट फिरावे. उलटे पहिले पाऊल डायलवर दिसलेच नाही, तर ढिलाई आहे. ही तपासणी चकजवळ अवश्य करावी, कारण बहुतेक काम तिथेच होते आणि झीजही तिथेच जास्त असते.

पण ही ढिलाई आकड्याने झाकता येते! कंट्रोलमध्ये तिची भरपाई लिहिण्याची सोय असते. फानुकच्या बऱ्याच कंट्रोलवर ती १८५१ क्रमांकाच्या पॅरामीटरमध्ये सापडते. तिथे पाच-दहा मायक्रॉन असतील तर चिंता नको. शंभराच्या घरातला आकडा दिसला, तर डायल काहीही म्हणो, स्क्रू किंवा त्याचे बेअरिंग गेले आहे असे समजावे.

आता स्मृती. पॅरामीटर आणि स्क्रूच्या चुकांची दुरुस्ती-कोष्टके जुन्या कंट्रोलमध्ये एका छोट्या बॅटरीवर टिकून असतात. हे आकडे त्या एकाच यंत्राचे असतात. शेजारच्या जुळ्या यंत्राचे जसेच्या तसे चालत नाहीत. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिले की बॅटरी संपते आणि आकडे पुसले जातात. आम्ही पाहिलेल्या यंत्राचे तेच झाले होते. पडदा उजळला, पण त्यावर अलार्मची रांग! "बॅटरी बदलली की झाले," विक्रेता म्हणाला. बॅटरी दोन-चार दिनारांची असेल. गेलेले आकडे तिच्याबरोबर येत नाहीत. मूळ आकड्यांचा छापील तक्ता बहुधा विजेच्या कपाटात ठेवलेला असतो. तिथे तोही नव्हता.

स्नेह्यांनी तो सौदा सोडला. अठरा वर्षांच्या कष्टाचे पैसे मुक्या लोखंडात अडकले असते. पुढे त्यांनी शिरोलीत, रोज उत्पादनात असलेला लेथ घेतला. अर्धा दिवस समोर उभे राहून जॉब काढून घेतले, दोन्ही टोकांना व्यास मोजून टेपर पाहिला, आणि उरलेली रक्कम देण्यापूर्वी सगळे पॅरामीटर लॅपटॉपवर उतरवून घेतले.

खर्चाचे एक कलम मात्र विसरू नये. जपानी यंत्रे बहुधा २०० व्होल्टवर चालतात, आपल्याकडे थ्री फेज ४१५ व्होल्टची. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आला. तो किमतीत धरूनच घासाघीस करावी. आणि यंत्र घरी आल्यावर कंट्रोलची बॅटरी वेळेवर बदलावी, तीही कंट्रोल चालू ठेवूनच.

मंडळातील कोणी असे यंत्र बघायला जाणार असेल तर जरूर कळवावे. शुक्रवारी मी मोकळा असतो. डायल आणि लॅपटॉप घेऊन येईन.