तालीम सुटली, खुराक राहिला

कोल्हापूरकरांना व्यायामाचं महत्त्व मी काय सांगणार? इथं पेठापेठांतून तालमी आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागचं मैदान उभं केलं. इथल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवलं.

मीही पोरवयात पहाटे तालमीत जायचो. जोर-बैठका मारून घरी आलो, की आई दुधाचा तांब्या पुढं करायची. पुढं डॉक्टर झालो, दवाखाना वाढला. तालीम सुटली, खुराक मात्र तोच राहिला. बावन्नाव्या वर्षी सहज रक्त तपासलं, तर उपाशीपोटी साखर १४८! दोनदा तपासलं, मधुमेहच होता. इतरांना पथ्य सांगायच्या खुर्चीत बसून मी स्वतःचा रिपोर्ट वाचत होतो आणि मनात एकच येत होतं, 'अहो, पण मी तालमीतला माणूस!'

इथंच आपली गफलत होते. व्यायाम साठवून ठेवता येत नाही. अमेरिकेत पॅफेनबर्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या हजारो माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. कॉलेजात खेळाडू असलेले, पण पुढं बैठं आयुष्य जगलेले लोक हृदयविकारापासून वाचले नव्हते. जे मोठेपणीही हालचाल करत राहिले, त्यांना संरक्षण मिळालं.

असं का होतं? आपले स्नायू हे साखर वापरणारं मोठं कोठार. मधुमेहात इन्सुलिन असूनही त्या कोठाराचं दार नीट उघडत नाही. पण स्नायू काम करू लागला, की इन्सुलिनची फारशी वाट न पाहता तो रक्तातली साखर ओढून घेतो. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको.

हे औषधच आहे, असं मी म्हणतो त्याला आधार आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आहार आणि व्यायाम बदलल्यानं मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिनच्या गोळीनं सुमारे २६ टक्क्यांनी. म्हणजे पायांनी गोळीची बरोबरी केली.

औषध म्हटलं की मात्रा आली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, ही सोपी खूण. शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काही करावं. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हीसुद्धा बैठकच की!

काही पथ्यं मात्र पाळा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणारी गोळी चालू असेल, तर खिशात खडीसाखर ठेवा. घाम फुटून हातपाय थरथरू लागले, तर थांबा आणि ती तोंडात टाका. पायाला मुंग्या येत असतील, तर बूट घालूनच चाला आणि रात्री तळवे पाहा. छातीत दुखलं, दम लागला तर लगेच थांबा, डॉक्टरांना गाठा. हृदयविकार असेल तर सुरुवातच त्यांना विचारून करा. आणि चालायला लागलो म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

मी रोज सकाळी रंकाळ्यावर जातो. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत पाय भरून यायचे आणि तालमीतला जुना सोबती दिसला, की मी लाजून दुसरीकडं बघायचो. आता आम्ही दोघं मिळून चालतो. माझी गोळी सुटलेली नाही, पण निम्म्यावर आली आहे. तांबडा-पांढराही सुटलेला नाही. वाटी तेवढी लहान झाली आहे.