दुसऱ्याचे हृदय स्वीकारताना

हृदयप्रत्यारोपणाचा विषय निघाला की चेन्नईचे नाव हटकून येते आणि त्यासोबत मोकळ्या केलेल्या रस्त्यावरून धावणाऱ्या रुग्णवाहिकेचे चित्रही डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या उपचारातला सर्वांत अवघड भाग रुग्णवाहिका पोहोचल्यानंतर सुरू होतो आणि तो रुग्णाची जन्मभर पाठ सोडत नाही.

घाई कशासाठी, हे हृदयाच्या रचनेवरून कळते. सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा हा स्नायू मिनिटाला जवळपास पाच लिटर रक्त पुढे ढकलतो: शरीरभर फिरून आलेले रक्त उजव्या कर्णिकेतून उजव्या जवनिकेत आणि तिथून फुप्फुसांत जाते, तर प्राणवायू घेऊन परतलेले रक्त डाव्या बाजूने महाधमनीत शिरून सर्वांगात पसरते. एवढे रक्त आतून वाहत असले तरी हृदयाच्या स्नायूचे स्वतःचे पोषण महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या बारीक कोरोनरी धमन्यांवरच चालते. त्यामुळे दात्याच्या शरीरात त्यांतला प्रवाह थांबला की, पोटॅशियमचे थंड द्रावण सोडून ठोके बंद केलेले आणि बर्फाच्या पेटीत ठेवलेले हृदयसुद्धा साधारण चार तासांच्या आत नव्या छातीत धडधडू लागायला हवे.

सप्टेंबर २००८ मध्ये चेन्नईत एका डॉक्टर दांपत्याने आपल्या मेंदूमृत किशोरवयीन मुलाचे अवयव दान केले आणि त्याचे हृदय पोलिसांनी मोकळ्या केलेल्या वाटेने डॉ. के. एम. चेरियन यांच्या रुग्णालयात एका लहान मुलीसाठी पोहोचले. १९७५ साली पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात देशातील पहिली बायपास शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद ते हेच. मेंदूमृत्यू कोणी प्रमाणित करायचा आणि अवयव कोणत्या क्रमाने द्यायचे, याची घडी तामिळनाडू शासनाने २००८ मध्येच बसवली. चेन्नईचे खरे कर्तृत्व रुग्णवाहिकेच्या वेगापेक्षा या व्यवस्थेत अधिक आहे. जून २०१४ मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयातून अड्यारपर्यंत सुमारे १२ किलोमीटरचे अंतर चौदा मिनिटांच्या आत कापून आणलेले हृदय ज्या तरुणीला मिळाले, ती मुंबईची होती. मुंबईच्या रुग्णाला चेन्नई गाठावी लागावी, हे मराठी वाचकाला सलणारे आहे, कारण डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्येच, म्हणजे केपटाऊनच्या जगातील पहिल्या प्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, परळच्या केईएम रुग्णालयात ही शस्त्रक्रिया केली होती. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ साली आला, त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांना यश लाभले आणि मुंबईत यशस्वी प्रत्यारोपण व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडला. तेव्हा हृदय पुण्याहून आले होते.

केपटाऊनचा रुग्ण अठराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला, आणि या मृत्यूत सारी अडचण सामावलेली आहे. जवळपास प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट प्रथिने असतात, ज्यांची ठेवण माणसागणिक वेगळी असते. टी-पेशी या नावाच्या पांढऱ्या पेशी ती चाचपून आपले आणि परके ठरवतात, आणि परके आढळले की स्वतःची संख्या वाढवून त्या ऊतीवर तुटून पडतात. जंतूंपासून वाचवणारी हीच यंत्रणा दान मिळालेले हृदय नाकारते. तिला सरसकट दडपले तर जंतूंना रान मोकळे मिळते, आणि केपटाऊनमध्ये तेच घडले. मूत्रपिंडाच्या वेळी ऊतींची जुळणी तपासायला बरीच सवड असते. हृदयाच्या बाबतीत मुख्यतः रक्तगट, शरीराचा आकार आणि रुग्णाच्या रक्तात आधीच असलेली प्रतिपिंडे पाहून निर्णय घ्यावा लागतो. म्हणूनच नॉर्वेतील मातीच्या नमुन्यात सापडलेल्या एका बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० च्या दशकात वापरात आले, तेव्हा चित्र पालटले: टी-पेशींना वाढीचा आदेश देणारा रासायनिक संदेश ते रोखते आणि बाकीचे संरक्षण बऱ्याच अंशी शाबूत राहते. बऱ्याच अंशीच, कारण आपल्या देशात सुप्त क्षयरोग पुष्कळांच्या शरीरात दबा धरून असतो आणि प्रतिकार ढिला पडताच तो उसळू शकतो.

नाकारण्याची सुरुवात रुग्णाला जाणवण्यापूर्वीच ओळखण्यासाठी मानेतल्या शिरेतून बारीक चिमटा उजव्या जवनिकेपर्यंत सरकवून स्नायूचे तीळभर तुकडे काढतात आणि त्यांत टी-पेशींची गर्दी झाली आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पहिल्या काही आठवड्यांत ही तपासणी वरचेवर करावी लागते. दात्याकडून हृदय काढताना त्याच्या चेतातंतूंचीही जोडणी तुटते. ठोक्यांची लय हृदयातच जन्मत असल्याने ते चालत राहते, मात्र वेग आवरणारा व्हेगस चेतातंतू उरत नसल्यामुळे विश्रांतीतही नाडी बहुधा नव्वदच्या पुढे असते, आणि जिना चढताना ती रक्तातून ॲड्रेनलिन पोहोचेपर्यंत सावकाश वाढते. या तुटलेल्या जोडणीचा गंभीर परिणाम काही वर्षांनंतर दिसतो: प्रतिकारयंत्रणेच्या मंद धुमसण्यामुळे कोरोनरी धमन्या आतून जाड होत गेल्या, तरी छातीत कळ उठेलच असे नसते, आणि म्हणून ठणठणीत वाटणाऱ्या रुग्णालाही ठरावीक काळाने अँजिओग्राफीसाठी रुग्णालयात परतावे लागते.