सशाचे खच्चीकरण : स्वभावात काय बदलते आणि काय बदलत नाही

हौसेने आणलेली सशाची जोडी तीन-चार महिने गुण्यागोविंदाने राहते. त्यानंतर तक्रारी सुरू होतात. नर भिंतीवर, पोत्यांवर, कधी माणसाच्या पायावर मूत्राची पिचकारी मारतो. पायाभोवती घुमत, गुरगुरत फिरतो. एकाच पिंजऱ्यात दोन नर असतील तर एकमेकांना रक्त येईपर्यंत चावतात. या भांडणात अंडकोश फाटण्यापर्यंत मजल जाते. जोडी नर-मादीची असेल तर दर महिन्याला पिल्ले. सशाचा गाभणकाळ ३० ते ३२ दिवसांचा असतो आणि व्यायल्यावर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते. कृषी पर्यटन केंद्रावर मुलांसाठी ठेवलेल्या चार सशांचे वर्षभरात चाळीस झाले तर नवल नाही.

अशा वेळी खच्चीकरण हा खात्रीचा उपाय आहे. मात्र त्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आधी समजून घ्या. बहुतेक नाराजी इथेच होते. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी ससा तसाच वागतो म्हणून ‘काही उपयोग झाला नाही’ असे म्हणत त्याला पुन्हा मादीजवळ सोडले जाते आणि महिन्याने पिल्ले होतात.

व्यावसायिक ससेपालकांना या खर्चाची गरज नाही. मांसासाठीचे ससे साधारण १२ आठवड्यांत, म्हणजे वयात येण्यापूर्वीच विक्रीला जातात. हा लेख घरी, शाळेत किंवा पर्यटन केंद्रावर वर्षानुवर्षे राहणाऱ्या सशांसाठी आहे. सशाचे आयुष्य आठ-दहा वर्षांचे असते. शेतात सापडलेले रानसशाचे पिल्लू मात्र पाळू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे.

बदल हळूहळू होतो

वृषण काढल्यावर शरीरातील नर संप्रेरक लवकर कमी होते, पण त्याने घडवलेली वागणूक त्याच वेगाने जात नाही. मूत्राची पिचकारी, पायाभोवती घुमणे, इतर सशांवर चढणे हे साधारण चार ते सहा आठवड्यांत उतरत जाते. मूत्राचा उग्र वासही कमी होतो. ससा एकाच कोपऱ्यात लघवी करू लागतो, त्यामुळे पिंजरा स्वच्छ ठेवणे सोपे जाते. हनुवटी वस्तूंवर घासण्याची सवय कमी होते, पण पूर्ण थांबत नाही. हनुवटीखाली गंधग्रंथी असते. ती खूण करण्याची त्याची नेहमीची रीत आहे, त्यात काळजीचे काही नाही.

याच काळात नर पिल्ले देऊ शकतो, हे विसरू नका. वीर्यवाहिनीत उरलेले शुक्राणू काही आठवडे जिवंत राहतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर किमान सहा आठवडे त्याला मादीपासून वेगळे ठेवा.

मादीची वागणूकही संप्रेरकांनुसार बदलते. न फळलेल्या समागमानंतर, कधी दुसऱ्या मादीने अंगावर चढल्यामुळेही, तिला खोटी गर्भधारणा होते. सोळा-सतरा दिवसांत ती छातीवरचे केस उपटून घरटे करते आणि पिंजऱ्यात हात घातला की धावून येते. अनेकांना ती ‘बिघडलेली’ वाटते. बीजांडे आणि गर्भाशय काढल्यावर हे चक्र थांबते. मादीबाबत स्वभावापेक्षाही मोठे कारण आरोग्याचे आहे. तीन-चार वर्षांपुढच्या, शस्त्रक्रिया न केलेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. लघवीतून रक्त दिसेपर्यंत तो बहुधा लक्षातच येत नाही. घरात एकच मादी असली तरी शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे माझे मत त्यामुळेच आहे.

आता जे बदलत नाही त्याविषयी. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. वरून हात आला की त्याला घार आठवते. उचलताना लाथा झाडणे, घाबरून चावणे हे भीतीचे वागणे आहे. वृषण काढून भीती जात नाही. जमिनीवर बसून, बाजूने हात पुढे करून, खाऊ देत त्याला सवय लावावी लागते. कुरतडणेही चालूच राहणार, कारण सशाचे दात आयुष्यभर वाढतात. वायरी लपवा आणि बाभळीऐवजी तुतीची किंवा बांबूची काडी द्या. दोन-तीन वर्षे मुरलेली चावण्याची सवयही केवळ शस्त्रक्रियेने सुटेल असे नाही. म्हणून नराचे खच्चीकरण चार-पाच महिन्यांच्या वयात, तर मादीची शस्त्रक्रिया पाच-सहा महिन्यांच्या वयात करणे बरे.

कोणाकडून आणि केव्हा

बोकडासाठी वापरतात तो चिमटा सशाला चालत नाही. सशाची वृषणे पोटात वर सरकू शकतात, कारण त्याचा जांघेतील मार्ग आयुष्यभर उघडा असतो. टाके घालताना तो बंद करावा लागतो, नाहीतर आतडे खाली उतरते. त्यामुळे हे काम भूल देऊन, सशांची सवय असलेल्या पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे. तालुक्याला सोय नसेल तर परळ, नागपूर, शिरवळ, उदगीर, परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या चिकित्सालयात चौकशी करा.

एप्रिल-मे टाळा. सशाला घाम येत नाही, त्याला उष्णता सोसत नाही. पावसाळ्यात जखमेवर माशी बसून अळ्या पडण्याची भीती असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

कुत्र्या-मांजराला शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवतात. सशाला ठेवू नका. ससा उलटी करू शकत नाही आणि पोट रिकामे राहिले तर त्याचे आतडे थांबते. दवाखान्यात जाताना त्याचा नेहमीचा चारा सोबत न्या. शुद्धीवर आल्यावर काही तासांत त्याने चारा तोंडात घ्यायला हवा. बारा तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर सकाळची वाट पाहू नका, पशुवैद्यकाला लगेच कळवा. ससे दगावतात ते बहुधा जखमेने नव्हे, तर असे आतडे थांबल्याने.

पाठ कुबडी करून बसणे, दात करकरणे, डोळे अर्धे मिटणे ही वेदनेची लक्षणे आहेत. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस ससा चिडका वाटला तर ते याच वेदनेमुळे. पशुवैद्यकाने दिलेले वेदनाशामक नियमित द्या. घरातल्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन ही प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि जीवघेणी हगवण लागते. कुत्र्याच्या पिसवांसाठी वापरले जाणारे फिप्रोनिलही सशाला विषारी आहे. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा न टाकता सात ते दहा दिवस स्वच्छ सुती कापड किंवा वर्तमानपत्र अंथरा. गळ्यात मोठी कॉलर शक्यतो नको. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. हे किळसवाणे वाटले तरी त्यातूनच त्याला जीवनसत्त्वे मिळतात.

पुढे सशाची भूक तीच राहते, धावपळ मात्र कमी होते. खुराकाच्या गोळ्या कमी करा. सुकवलेले मारवेल, पवना किंवा इतर गवत दिवसभर पुढे राहू द्या. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, पण प्रौढ सशाला रोज पोटभर देऊ नका. त्यात प्रथिने आणि कॅल्शियम जास्त असते. गाजर म्हणजे गोड खाऊ, चार चकत्या पुरेत.

भांडलेल्या दोन नरांना खच्चीकरणानंतर लगेच एका पिंजऱ्यात टाकू नका. सहा आठवडे शेजारच्या पिंजऱ्यांत ठेवा. दोन्ही जाळ्यांत थोडे अंतर असू द्या, म्हणजे वास येईल पण चावता येणार नाही. नंतर दोघांनाही नवख्या असलेल्या जागेत रोज दहा-पंधरा मिनिटे सोडा आणि समोर बसून राहा. एकमेकांचे डोके चाटू लागले, शेजारी पाय पसरून झोपू लागले की जोडी जमली. सर्वांत लवकर जमते ती खच्ची केलेला नर आणि शस्त्रक्रिया झालेली मादी यांची. काही नर मात्र कधीच जुळत नाहीत. त्यांना वेगळेच ठेवा.