मेल्यासारखं पडून राहण्याचं शास्त्र

सकाळी सहाच्या आमच्या योगवर्गात शेवटची पाच मिनिटं बघण्यासारखी असतात. सूर्यनमस्कारांत घाम गाळणारी, सर्वांगासनात पाय आभाळाला लावणारी माणसं शवासनाचं नाव निघालं की घड्याळाकडे बघू लागतात. कुणाला मुलाचा डबा आठवतो, कुणाला पाणी जायची वेळ. दोघं-तिघं चटई गुंडाळून, अंधारात चपला चाचपडत, अपराध्यासारखी बाहेर पडतात. उरलेले आडवे होतात. मिनिटाभरात घोरण्याचा आवाज येतो, आणखी थोड्या वेळाने नाक ओढल्याचा. घोरणारे काका ठरलेले आहेत. नाक ओढणारं माणूस मात्र दर वेळी वेगळं असतं, आणि त्याला सर्दी झालेली नसते.

एकदा ते माणूस मी होतो. वडील जाऊन दोन महिने झाले होते. त्या सकाळी रडण्यासारखं काही घडलं नव्हतं. पाठ टेकली, हात सैल पडले आणि कानांत पाणी जाऊ लागलं. उताणं पडून रडलं की अश्रू गालांवर न येता कानांत जातात, हे मला पन्नाशीत कळलं. वर्ग सुटल्यावर शेजारच्या चटईवरच्या मावशी म्हणाल्या, "होतं असं. साठलेलं बाहेर पडतं." त्यांच्या बोलण्याने बरं वाटलं. घरी येईपर्यंत मात्र डोक्यात किडा वळवळू लागला. साठलेलं म्हणजे काय? कुठे साठलेलं?

योगाच्या दुनियेत या प्रश्नाला एक तयार उत्तर मिळतं: दुःख कमरेच्या सांध्यांत साठतं, राग जबड्यात, आणि आसनाने तो अवयव मोकळा झाला की भावना वाहून जाते. ऐकायला छान आहे, पण स्नायूंच्या पेशींत दुःखाची गाठोडी बांधून ठेवलेली असतात याला पुरावा नाही. ताणाने स्नायू आखडतात आणि आसनांनी सैल होतात हे खरं. तेवढ्यावरून त्यांना भावनांची माळ्यावरची ट्रंक ठरवणं म्हणजे फार झालं.

तरीही मावशी पूर्ण चुकल्या नव्हत्या. आपली भाषाच बघा. भीती वाटली की पोटात गोळा येतो. वाईट बातमीने छातीत धस्स होतं, हातपाय गळतात. रडू दाबायचं तर आवंढा गिळावा लागतो आणि संकट टळलं की जीव भांड्यात पडतो. भावना अंगात कुठे जाणवते याचा नकाशा मराठी माणसाने बोलता बोलता काढून ठेवला आहे. फिनलंडच्या संशोधकांनी तो रंगवून घेतला. फिनलंड, स्वीडन आणि तैवानमधल्या ७०१ लोकांना त्यांनी माणसाची कोरी आकृती दिली आणि राग, भीती, दुःख, आनंद अंगात कुठे जाणवतो ते रंगवायला सांगितलं. भाषा आणि संस्कृती वेगळ्या असूनही नकाशे बरेच जुळले. दुःखाच्या नकाशात छाती पेटलेली होती आणि हातपाय विझलेले. 'हातपाय गळाले' याचं याहून नेमकं चित्र काढता येणार नाही.

अंगातून येणाऱ्या या खबरी मेंदूत पोहोचतात. हृदयाची धडधड, पोटातली कालवाकालव, श्वासाची लय यांची वर्दी घेणारा एक भाग मेंदूच्या बाजूच्या घडीत दडलेला आहे. त्याचं नाव इन्सुला. दिवसभर तिच्याकडे माहिती येतच असते. आपण फोन, हॉर्न, साहेब आणि भाजीचा भाव यांत इतके गुंतलेले असतो की तिकडे लक्ष जात नाही. शवासनात बाहेरचं सगळं थांबतं: डोळे मिटलेले, हालचाल नाही, तोल सांभाळायचा नाही. मग आतली खबर ऐकू येऊ लागते. माझं दुःख साठलेलं नव्हतं, चालूच होतं. ते ऐकायला मी दोन महिन्यांत पहिल्यांदा थांबलो होतो, असं मला आता वाटतं.

थांबल्यावर शांत का वाटतं, याचं उत्तर श्वासात आहे. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घ्या आणि सोडा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी हे १८४७ साली नोंदवलं. यामागे व्हेगस नावाची चेता आहे. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटका. मेंदूच्या तळातून निघून घसा, हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी असं गावभर हिंडून येणाऱ्या चेतेला हे नाव शोभतं. ती हृदयाला लगाम घालते. श्वास घेताना लगाम थोडा सैल होतो, सोडताना परत ओढला जातो.

हा लगाम रासायनिक असतो हे कळलं त्याची कथाही गमतीची आहे. ऑस्ट्रियात काम करणारे ऑटो लोवी यांना प्रयोगाची कल्पना स्वप्नात सुचली. मध्यरात्री उठून त्यांनी कागदावर खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस उत्तेजित केली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला, तर तेही मंदावलं. म्हणजे चेतेतून काहीतरी पदार्थ पाझरत होता. त्याला आज आपण ॲसिटिलकोलीन म्हणतो. लोवींना १९३६ साली नोबेल मिळालं. शवासनात आपण श्वास लांबवून सोडतो तेव्हा हेच रसायन आपल्या हृदयाला 'जरा दमाने' सांगत असतं.

श्वास आणि मन यांच्यातली तार अलीकडे आणखी स्पष्ट दिसली आहे. मेंदूच्या देठात श्वासाची लय धरणारा पेशींचा एक पुंजका आहे, प्री-बॉट्झिंगर. (हे नाव जर्मन वाइनच्या बाटलीवरून आलं. शास्त्रज्ञांची परिषद होती, जेवणाच्या टेबलावर बाटली होती, शेजारच्या भागाला नाव हवं होतं.) २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की उंदराच्या या पुंजक्यातल्या सुमारे १७५ पेशी मेंदूच्या सावधपणाच्या केंद्राला श्वासाची बातमी देतात. त्या पेशी काढून टाकल्या तेव्हा उंदीर संथ श्वास घेत निवांत बसून राहू लागले. एरवी नव्या पिंजऱ्यात उंदीर हुंगत, धावत सुटतो. उंदरावरून माणसावर उडी मारायची घाई नको. पण श्वास सावकाश झाला की मन का निवतं, याला एक शारीरिक वाट असू शकते एवढं यातून दिसतं.

सुस्काऱ्याचंही तसंच. आपण दुःखाने सुस्कारे सोडतो असं समजतो. खरं तर दर पाचेक मिनिटांनी आपल्या नकळत एक खोल, दुहेरी श्वास घेतला जातो. मिटलेले वायुकोश उघडावेत म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने हीच गोष्ट मुद्दाम करायला लावली: नाकाने श्वास घ्यायचा, त्यावर आणखी थोडा घ्यायचा, मग तोंडाने लांब सोडायचा. रोज पाच मिनिटं, महिनाभर. ध्यान करणाऱ्या गटाशी तुलना केली तर काळजी दोन्हीकडे कमी झाली. प्रसन्नता मात्र सुस्कारे टाकणाऱ्यांची जास्त वाढली. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. म्हातारी माणसं 'हुश्श' करून ओट्यावर टेकतात, त्याला आता प्रयोगशाळेची साक्ष मिळाली म्हणायची.

योगाला प्रयोगशाळेत नेण्याची सुरुवात मात्र आपल्याच माणसाने केली होती. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, अमळनेरला शिक्षक होते. त्यांनी बडोद्यात उड्डियान आणि नौली या क्रियांचे क्ष-किरण तपास करून घेतले, १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. योगाबद्दल जे म्हणायचं ते मोजून म्हणावं हा त्यांचा हट्ट होता. आज त्या हट्टाची आठवण वारंवार व्हावी अशी परिस्थिती आहे.

शवासन हठप्रदीपिकेत येतं, सुमारे पंधराव्या शतकात. प्रेतासारखं उताणं पडावं, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते, एवढाच त्याचा मतलब. घेरंडसंहितेत त्यालाच मृतासन म्हटलं आहे. या दोन ओळींच्या आसनाची परीक्षा मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात झाली. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं: रोज अर्धा तास, पोटाने संथ श्वास, श्वास सोडल्यावर थोडा थांबा. बऱ्याच रुग्णांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. हा निबंध १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या नियतकालिकात आला. आजच्या मापाने अभ्यास लहान होता. पण शवासनाला औषधासारखं, मात्रा ठरवून देण्याचं धाडस तेव्हा कुणी केलं होतं?

पुढचं पाऊल इंग्लंडमधल्या डॉक्टर चंद्रा पटेल यांनी टाकलं. 'नुसतं आडवं पडलं तरी रक्तदाब उतरेलच की' ही शंका कुणालाही येईल. म्हणून १९७५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ३४ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले होते. एका गटाला योगाची विश्रांती आणि तिच्या जोडीला शरीरातले बदल दाखवणारं यंत्र. दुसऱ्याला तितक्याच बैठका, पण नुसतं सैल पडायचं. सहा आठवड्यांत पहिल्या गटाचा सरासरी रक्तदाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला, दुसऱ्याचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर. मग दुसऱ्या गटालाही तंत्र शिकवलं, तेव्हा त्याचाही उतरला. यंत्र सोबत असल्यामुळे सगळं श्रेय योगाला देता येणार नाही. पण पडून राहण्यातही शिकण्यासारखं काही असतं, हे यातून कळलं.

रक्तदाब म्हणजे दुःख नव्हे. मनाच्या जखमांचं काय? याबाबत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांचा २०१४ सालचा अमेरिकेतला अभ्यास. भीषण अनुभवांतून गेलेल्या, उपचारांनी बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रिया. निम्म्यांना दहा आठवडे योग, निम्म्यांना तितकाच वेळ आरोग्यशिक्षण. शेवटी योगगटातल्या ३१ पैकी १६ जणींत आघाताच्या आजाराचं निदान उरलं नाही. दुसऱ्या गटात २९ पैकी ६ जणींत. हे आकडे मोठमोठ्या अक्षरांत छापले जातात. त्यानंतरची गोष्ट कमी छापली जाते: सुमारे दीड वर्षाने पुन्हा पाहिलं तेव्हा दोन गटांतला फरक पुसला गेला होता. फायदा टिकला तो ज्या बायका पुढेही योग करत राहिल्या त्यांच्यात. दहा आठवड्यांचा कोर्स करून सर्टिफिकेट भिंतीवर लावण्याची ही गोष्ट नाही.

त्या वर्गात काय शिकवत यापेक्षा कसं शिकवत हे मला जास्त विचार करायला लावतं. तिथे शिक्षक कुणाला हात लावून आसन 'दुरुस्त' करत नव्हते. 'हवं असेल तर', 'जमेल तितकं', 'डोळे उघडे ठेवलेत तरी चालेल' ही त्यांची भाषा. जिच्या शरीरावर दुसऱ्याने हुकूम गाजवला, तिला तेच शरीर तिच्या मर्जीने परत देण्याचा तो खटाटोप होता. आता आपला एखादा वर्ग आठवा. "गुडघा सरळ! अजून वाका! त्या काकूंकडे बघा, साठ वर्षांच्या आहेत!" एकवीस जूनच्या योगदिनाला तर मैदानावर कवायतच असते. स्वतःला आहे तसं मान्य करायला शिकवणारी विद्या आपण पीटीच्या तासासारखी शिकवतो, आणि मग शेवटी चार मिनिटं म्हणतो, आता शांत व्हा.

सगळ्यांना ते जमतही नाही. १९८३ साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी कायम ताणात असणाऱ्या लोकांना शिथिलीकरण शिकवलं, तेव्हा त्यांतल्या काहींची बेचैनी उलट वाढली. सतत पहारा देणाऱ्याला पहारा सोड म्हटलं की त्याचा जीव घाबरणारच. शवासनात धडधड वाढत असेल, डोळे मिटले की नको ते आठवत असेल, तर तुम्ही योगात नापास झालेला नाही. डोळे उघडे ठेवा, कुशीवर वळा, गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर ठेवा, नाहीतर उठून बसा. गरोदर बायकांनी शेवटच्या महिन्यांत उताणं न पडता डाव्या कुशीवर व्हावं. रक्तदाबाची किंवा नैराश्याची गोळी शवासन जमतंय म्हणून मनाने बंद करू नये. दात्यांच्या रुग्णांची औषधं कमी झाली ती डॉक्टरांनी मोजून केली होती. आणि दुःख पेलेनासं झालं तर चटईवर एकटं पडून राहू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

वडिलांना जाऊन आता तीन वर्षं झाली. शवासनात अजूनही कधी कानांत पाणी जातं. मी ते पुसत नाही, पुसायला हात उचलला की आसन मोडतं. केईएमच्या रुग्णांना या आसनासाठी रोज अर्धा तास दिला होता. आमच्या वर्गात चार मिनिटं मिळतात, आणि त्यातही कुणाचा तरी फोन वाजतो.