स्पर्धा परीक्षा सोडली, आता पुढे काय? अभ्यासाची शिस्त धंद्यात अशी येते कामाला

दर वर्षी गावोगावी दोन-चार पोरं पुण्याहून कायमची परत येतात. पुस्तकांची खोकी, गादी, बादली, टेबल लॅम्प असा सगळा संसार एका छोट्या टेम्पोत मावतो. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले असते, "थोडे दिवस घरीच अभ्यास करणार आहे." खरे काय ते घरच्यांना कळलेले असते, पण विषय कोणी काढत नाही. या न बोलण्यातच आणखी एक वर्ष निघून जाते.

यात वयाचा हिशोब मोठा आहे. पोलीस शिपाई भरतीला खुल्या प्रवर्गासाठी 28 आणि मागास प्रवर्गासाठी 33 वर्षांची मर्यादा असते, त्यामुळे तिथला निर्णय वयच करून टाकते. राज्यसेवेची मर्यादा मात्र 2016 मध्ये वाढून खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागास प्रवर्गाला 43 झाली. मुलांना संधी वाढली हे चांगलेच झाले. पण "अजून वय आहे" म्हणत थांबणारेही वाढले. त्यात परीक्षा वेळेवर होईलच असे नाही. वर्णनात्मक पद्धत 2023 मध्ये आंदोलनानंतर 2025 पर्यंत पुढे गेली, आणि 25 ऑगस्ट 2024 ची पूर्वपरीक्षाही ऐनवेळी लांबली. परीक्षेची तारीख आयोग ठरवतो. थांबायची तारीख मात्र घरात बसूनच ठरवावी लागते. "अमुक निकाल लागला की बंद," असे वहीत लिहून घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवले, तर ती पाळली जाण्याची शक्यता वाढते.

पाच वर्षे वाया गेली का?

पूर्ण वाया गेली असे म्हणता येत नाही. उदाहरण म्हणून मोटार रिवाइंडिंगचा धंदा घेऊ. विहीर आणि बोअरवेल असलेल्या प्रत्येक तालुक्यात तो चालतो. एक फेज गेली, व्होल्टेज कमी आले किंवा पाणी नसताना मोटार कोरडी चालली की वाइंडिंग जळते. मोटार उघडायची, जळालेली तार काढायची, टर्न मोजायचे, तारेचा गेज मोजायचा, जोडणी कशी होती ते टिपून ठेवायचे आणि तशीच नवी वाइंडिंग भरायची. मोजण्यात चूक झाली तर तीच मोटार पुन्हा जळून दुकानात येते, आणि तोपर्यंत शेतकऱ्याचा कांदा उन्हात उभा असतो.

म्हणूनच चांगला मिस्त्री वही ठेवतो. कोणत्या कंपनीची मोटार, किती एचपी, किती टर्न, कोणता गेज, सगळे त्यात असते. जुन्या दुकानातल्या अशा वहीची किंमत यंत्रांपेक्षा कमी नसते. नोट्स काढायची, पुन्हा तपासायची, चुकलेला प्रश्न वेगळा लिहून ठेवायची सवय ज्याला वर्षानुवर्षे आहे, तो ही वही इतरांपेक्षा लवकर आणि नीट तयार करतो. तासन् तास एका जागी बसून बारीक काम करण्याची तयारीही त्याच्याकडे असते. शिकाऊ पोरं पळून जातात ती बहुतेक इथेच कंटाळून.

काही सवयी मात्र सोडाव्या लागतात

पहिली सवय म्हणजे पूर्ण तयारी झाल्याशिवाय सुरुवात न करणे. परीक्षेत ते ठीक होते. धंद्यात मात्र सहा महिने यूट्यूबवर व्हिडिओ पाहून एकही मोटार खोलता येत नाही. दुसऱ्याच्या दुकानात कमी पैशांवर, सुरुवातीला फुकटही, वर्षभर हात काळे करणे हा सगळ्यांत स्वस्त अभ्यासक्रम आहे. तिशीच्या पदवीधराला विशीतल्या मिस्त्रीकडून शिकताना अवघड वाटते. पण शिकवणारा तो आहे, तेव्हा "दादा" म्हणून विचारायला हरकत नसावी.

दुसरी सवय म्हणजे एका मोठ्या निकालाची वाट पाहणे. धंद्यात निकाल रोज लागतो आणि तो छोटा असतो. आज किती मोटारी दिल्या, किती परत आल्या, किती उधारी राहिली, एवढे तीन आकडे रात्री लिहिले तरी महिन्याअखेर धंदा कुठे चाललाय ते दिसते. उधारीचा आकडा सगळ्यांत आधी बघावा. गावातला धंदा गिऱ्हाईक नाही म्हणून कमी वेळा बंद पडतो, ओळखीच्या उधारीने जास्त वेळा.

दिवसाची आखणीही बदलते. अभ्यासिकेत वेळापत्रक आपले होते, इथे ते लाईटचे आहे. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस रात्री असते, मग जळालेली मोटार सकाळी सात वाजता दारात येते. अशा वेळी मोजणी आणि भरणीचे डोके लागणारे काम सकाळी शांततेत उरकावे, आणि खरेदी, फोन, वसुली दुपारनंतर ठेवावी. भरणी चालू असताना फोन उचलला की टर्न हमखास चुकतो.

लोकांच्या बोलण्याचाही त्रास होतो. "कलेक्टर होणार होता ना?" असे चारचौघांत विचारणारे असतातच. पहिल्या हंगामात हे खूप लागते. मात्र दुरुस्त केलेली मोटार उन्हाळाभर चालली की तीच माणसे दुसरी मोटार घेऊन येतात.

शिक्षण आणि कर्ज

ग्रामीण तरुणांसाठी जिल्ह्यात बँकेमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिलाच आरसेटी म्हणतात. तिथे राहणे, जेवण आणि शिकवणी मोफत असते. मोटार रिवाइंडिंग, दुचाकी दुरुस्ती, दुग्धव्यवसाय, शिवणकाम असे अभ्यासक्रम असतात. पुढची बॅच कधी आहे ते तिथे जाऊन किंवा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत विचारावे.

कर्ज हे त्यानंतरचे काम आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या 25 टक्के, तर महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक व दिव्यांगांना 35 टक्के अनुदान ठरलेले आहे. स्वतःचा वाटा अनुक्रमे 10 आणि 5 टक्के. म्हणजे 5 लाखांच्या दुकानाला सर्वसाधारण गटातल्या तरुणाने 50 हजार घालायचे, बाकी साडेचार लाख बँक देते आणि अनुदान सव्वा लाख. पण हे सव्वा लाख हातात मिळत नाहीत. ते बँकेत 3 वर्षे ठेव म्हणून राहतात आणि दुकान चालू असल्याची पाहणी झाल्यावर कर्जात वळते होतात. दुकान मध्येच बंद पडले तर अनुदानही हातचे जाते. म्हणून सबसिडी आहे म्हणून धंदा निवडणे हा उलटा प्रवास आहे. योजनेची मंजुरी 2025-26 पर्यंतची होती, त्यामुळे सध्याचे नियम जिल्हा उद्योग केंद्रात विचारूनच अर्ज करावा. अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याला फी नाही. "काम करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नयेत.

शिकायला जायचे तर जून-जुलै बरा. पाऊस सुरू झाला की मोटारींची कामे कमी होतात आणि मिस्त्रीला शिकवायला सवड असते. रब्बीच्या पाळ्या सुरू झाल्यापासून थेट मे महिन्यापर्यंत त्याला जेवायलाही वेळ नसतो. तोपर्यंत ज्याचा हात थोडा बसलेला असतो, त्याला तो स्वतःहून कामावर ठेवून घेतो.