मार्थाबाईंची डायरी आणि ३० ढीग

‘इतिहासाशी आपला काय संबंध? आपण कॉम्प्युटरवाले!’ असं आमच्या विंगमध्ये सर्रास ऐकू येतं. मित्रांनो, त्यावरचं माझं उत्तर म्हणजे अमेरिकेतली एक सुईण. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा सांभाळून घ्या.)

मार्था बॅलर्ड मेनमधल्या हॅलोवेल गावची. पन्नाशीला आल्यावर १७८५ मध्ये तिने डायरी धरली ती १८१२ मध्ये मरेपर्यंत. २७ वर्षं, जवळपास १०,००० नोंदी, ८१६ बाळंतपणं! पण नोंदी कशा, तर आज थंडी, अमका आला, बागेत बिया लावल्या. आधीच्या इतिहासकारांना हे किरकोळ वाटलं. लॉरेल थॅचर उलरिक यांनी मात्र ती अख्खी वाचून १९९० मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्याला पुलित्झर मिळालं.

पुढे २०१० मध्ये कॅमेरॉन ब्लेव्हिन्स या इतिहासाच्या संशोधकाने हीच डायरी मॅलेट नावाच्या प्रोग्रॅमला दिली आणि सांगितलं, यातले ३० विषय शोध. याला टॉपिक मॉडेलिंग म्हणतात.

आता मशीनला विषय कसा कळणार? आपल्या मेसची तक्रारवही घ्या. ‘पोळी’, ‘कच्ची’, ‘डाळ’ हे शब्द एकत्र येतात. ‘गिझर’, ‘सकाळ’, ‘गार’ हे वेगळे एकत्र येतात. ‘पाणी’ मात्र दोन्हीकडे (आपली डाळ पाहता आश्चर्य नाही). प्रोग्रॅम सुरुवातीला प्रत्येक शब्द कुठल्याही ढिगात टाकतो, अगदी चिठ्ठ्या टाकल्यासारखा. मग एकेक शब्द उचलून दोन गोष्टी बघतो : या नोंदीतले बाकीचे शब्द कुठल्या ढिगात आहेत, आणि हा शब्द इतर नोंदींत बहुतेक कुठे पडलाय? त्याप्रमाणे नवा ढीग ठरतो. असं शेकडो वेळा केलं की ढीग स्थिरावतात. अर्थ त्याला काडीचा कळत नाही. ढिगाला ‘बाळंतपण’, ‘बाग’, ‘चर्च’ अशी नावं माणसानेच द्यायची.

मग ही नावं खरी कशावरून? ब्लेव्हिन्सने ‘बाग’ आणि ‘थंडी’ महिन्यांप्रमाणे मांडून पाहिले. बाग उन्हाळ्यात वर, थंडी हिवाळ्यात वर. तारखा प्रोग्रॅमला माहीतच नव्हत्या, बरं का!

मला खरं चटका लावून गेलं ते ‘घरकाम’. आजी झाल्यावर बाईचं काम कमी व्हायला हवं ना? इथे आलेख वर्षागणिक चढत जातो. मुली लग्न होऊन गेल्या, नवरा कर्जाच्या लफड्यात, आणि सगळं म्हातारीच्या अंगावर. उलरिकबाईंनीही वाचून हेच सांगितलं होतं. म्हणजे मशीनने नवं काही शोधलं नाही असं कोणी म्हणेल. पण ज्या नोंदी कंटाळवाण्या म्हणून आपण पानं उलटली असती, त्यांचीच बेरीज झाली आणि कष्ट दिसले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मराठीत करायचं तर अडचण वेगळीच. ‘घोडा, घोड्याला, घोड्यावरून’ हे मशीनला तीन शब्द. आधी प्रत्यय सोलून काढायला हवेत. आणि पेशवे दप्तराकडे वळलात तर कागद मोडीत. ते कोणीतरी वाचून टाइप केल्याशिवाय ढीग कसले करणार? कोणाच्या आजोबांना मोडी येत असेल तर माझी रूम दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतची.